दसऱ्याला पुजलेली सीडी

वऱ्हाडात काय बघायला गेला होतात, असं परत आल्यावर सोसायटीतल्या तिघींनी विचारलं. चिखलदरा? नाही. सेमाडोह, वाघ? नाही. मग एवढ्या लांब जाऊन केलंत तरी काय? मी म्हटलं, एक भाषण दिलं आणि एक सीडी पुसली. तिघींनीही विषय बदलून पाणीकपातीकडे नेला. तेव्हा ठरवलं, तोंडी सांगण्यात अर्थ नाही, लिहूनच काढावं.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. नोकरीची सगळी वर्षं मी दक्षिणेतल्या एका गावाबाहेर, थाळ्यांसारख्या मोठाल्या अँटेनांच्या सावलीत काढली. उपग्रह वरून जे बोलतो ते खाली पोचेपर्यंत इतकं क्षीण होतं की त्यात खरखरच जास्त. त्या खरखरीतून नेमकं काय म्हटलं होतं ते वेचायचं, वाटेत काही बिघडलं असेल तर दुरुस्त करायचं, हे आमच्या खोलीचं काम. निवृत्तीनंतर पुण्यात आले. स्वभाव कोरडा आहे असं घरचे म्हणतात. असेल. खरखरीवर चिडून उपयोग नसतो, एवढं मात्र त्या नोकरीत शिकले.

अमरावती

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तर शुभांगी समोर उभी. अमरावतीच्या एका कॉलेजात ती संगणकशास्त्र शिकवते, वय पस्तिशीच्या आसपास, आणि मला भाषणाला बोलावण्याचा उद्योग तिचाच. स्टेशनबाहेर पडेपर्यंत तिने माझं वय, गुडघ्यांची तब्येत, मुलगा कुठे असतो आणि सून स्वयंपाक करते का, एवढं विचारून घेतलं. पुण्यात ही माहिती काढायला लोक पाच वर्षं घेतात, आणि तीही तुम्हाला न विचारता शेजारणीला विचारतात. मला इथली पद्धत बरी वाटली. वेळ वाचतो.

नाश्त्याला पोहे, आणि पोह्यांवर लाल तर्री, म्हणजे तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा. मी म्हटलं, अगं, पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतात. टपरीवाला माझ्याकडे बघून शुभांगीला म्हणाला, "बाई बिमार हायत का?" मी तर्रीसकट खाल्ले. डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं, पण दुसरी प्लेट मीच मागितली.

भाषणाचा विषय होता, अवकाश संशोधनाने संगणकाला काय दिलं. या विषयावर लोक वाट्टेल ते ठोकून देतात. ऐकणाऱ्याला वाटावं, अवकाशयानं उडाली नसती तर आपण अजून बोटांवर मोजत बसलो असतो. मी ठरवून गेले होते की श्रेय देताना हात आखडता ठेवायचा. संगणक काही अवकाशाने जन्माला घातला नाही. पण चंद्रावर माणसं पाठवायची ठरली तेव्हा खोलीभर पसरणारा संगणक पेटीएवढा करावा लागला, आणि त्यासाठी नव्यानेच निघालेल्या चिप्स इतक्या घेतल्या गेल्या की त्या धंद्याला बाळसं आलं. त्या संगणकाची स्मृती कारखान्यातल्या बायकांनी हाताने विणली होती. बारीक कड्यांमधून तार ओवायची. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या मुलींनी मोबाइल खाली ठेवले.

पुढे सांगितलं की चंद्रावर उतरताना ऐन वेळी त्या संगणकावर कामाचा बोजा पडला, तेव्हा त्याने कमी महत्त्वाची कामं टाकून दिली आणि उतरवायचं काम धरून ठेवलं. लग्नघरातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. यंत्राला शिकवावं लागलं, आणि प्रोग्रॅम लिहिणं हे इंजिनिअरिंगइतकंच शिस्तीचं काम आहे, हे तिथून पुढे लोक मानायला लागले. यानांनी पाठवलेले फोटो मळकट असत, ते संगणकाने धुऊन काढायची रीत बसली, तीच पुढे दवाखान्यातल्या स्कॅनिंगच्या कामी आली. एवढं झालं आणि वीज गेली. प्रोजेक्टर बंद, पंखे बंद. मुलं उठायच्या बेतात.

माझा लाडका भाग तर अजून व्हायचाच होता. चूक दुरुस्त करणारं गणित. दूरच्या यानाला "काय म्हणालास? पुन्हा बोल" असं विचारता येत नाही, विचारायला आणि उत्तर यायला मिळून तासचे तास जातात. म्हणून ते आधीच काही जास्तीचे आकडे जोडून पाठवतं. वाटेत चार आकडे गळाले तरी उरलेल्यांवरून गळालेले शोधून काढता येतात. गणित कागदावर आधीपासून होतं, यानांच्या गरजेने ते रोजच्या वापरात तावूनसुलाखून निघालं. त्याच घराण्यातलं गणित पुढे सीडीत आलं, आणि क्यूआर कोडातही.

भिंतीवर कॉलेजच्या ग्रंथालयाचा क्यूआर कोड लावलेला होता. मी कपाळावरची टिकली काढून त्यावर मधोमध चिकटवली आणि एका मुलीला म्हटलं, कर स्कॅन. झाला. मुली हसल्या आणि आपापल्या टिकल्या घेऊन पुढे आल्या. दुसरी, तिसरी, चौथी. तरी स्कॅन होत होता. मला चेव चढला. म्हटलं, "ही तर टिकली आहे. सीडीला बारीक भोक पाडलंत तरी गाणं वाजतं, माहीत आहे?" पाचव्या-सहाव्या टिकलीला कोड बंद पडला, पण तोपर्यंत टाळ्या झाल्या होत्या.

भाषणानंतर शुभांगी मला गिला वडा खायला घेऊन गेली. दह्यात बुडवलेला वडा, वर आंबटगोड चटणी. निम्मी प्लेट झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, माझ्या आईकडे एक सीडी आहे. माझे बाबा खंजिरीवर भजन म्हणायचे, त्याची. बाबा गेल्याला नऊ वर्षं झाली. ती सीडी आता लागतच नाही. थोडे ओरखडे आहेत. तुम्ही म्हणालात ना, भोक पाडलं तरी वाजते?"

"वाजेल की," मी म्हटलं. "त्यात काय!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. तिने तिथेच फोन काढून आईला सांगितलं, "आई, उद्या मॅडमले घेऊन येऊन राहिलो. त्या म्हनतात वाजते." फोनमधून पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही. शुभांगीने फोन ठेवला आणि म्हणाली, "आई रडायला लागली." मी उरलेली प्लेट बाजूला सारली. सीडी मी अजून बघितलीही नव्हती.

तिवशाच्या अलीकडे

नागपूरच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी फुटलेली, मधल्या ओळींत तूर पिवळ्या फुलावर. गुरुकुंज मोझरीला थांबलो. आश्रमाच्या आवारात यात्रेकरूंच्या एका घोळक्याने खंजिरी काढून भजन धरलं होतं. एक माणूस ओळ म्हणे, बाकीचे सगळे ती ओळ पुन्हा म्हणत. शुभांगी थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा असेच पुढे बसायचे. चला."

मोझरी सोडल्यावर रस्त्याकडेच्या एका संत्र्याच्या बागेत काहीतरी लखलखत होतं. झाडांमध्ये दोऱ्या बांधून त्यांना सीड्या टांगलेल्या. वाऱ्यावर फिरत, उन्हाचे कवडसे फेकत. पाखरं बिचकतात म्हणे. मी गाडी थांबवायला सांगितली, कारण असला उपयोग मी कधी पाहिला नव्हता, मला हसूच आलं. शुभांगी मात्र हसली नाही.

"बाबांच्या भजनाच्या दहा सीड्या काढल्या होत्या," ती म्हणाली. "तिवशाचा एक शूटिंगवाला आमच्या गावात येऊन रेकॉर्डिंग करून गेला होता. भजनी मंडळातल्या प्रत्येकाला एकेक दिली. पुढे घराघरातले सीडी प्लेअर बिघडले. मग सगळ्यांनी त्या वावरात टांगल्या. बाबा गेल्यावर मी घरोघरी फिरले. एक मिळाली, डाळिंबाच्या झाडावर. उन्हाने पार उडालेली, नुसतं प्लास्टिक. शूटिंगवाल्याने धंदा बदलला, त्याच्याकडेही काही नाही. एक आईजवळचीच राहिली."

गाव रस्त्यापासून आत, माळी समाजाची वस्ती मोठी. घरासमोरच झेंडूचं वावर, दसरा-दिवाळीची तोड होऊन गेलेली, उरलीसुरली फुलं झाडांवर. कौसल्याबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सडसडीत, साठीच्या पुढच्या. "या ताई," म्हणाल्या, आणि मी पाय धुवेपर्यंत, "काहून एवढ्या वाळल्या वं? पुन्यात जेवत नाही का?" त्यांनी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला घातले होते. कणकेचे जाड गोळे, बाहेरून खरपूस, आतून थरांचे. तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. दोन खाऊन मी हात आवरला. त्यांनी माझ्याकडे न बघता तिसरा वाढला.

त्या स्वतःबद्दल "मी येतो, मी करतो" असं बोलत. तिथल्या सगळ्याच बायका तसं बोलतात. सकाळपासून ऐकून माझ्याही तोंडात ते बसलं, आणि "मी हात धुतो" असं म्हटल्यावर त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

जेवण झाल्यावर त्या आत गेल्या आणि देवघरातून खणात गुंडाळलेली सीडी घेऊन आल्या. खण सोडला, आतलं फडकं सोडलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी चष्मा पुसला. चकाकणारी बाजू चकाकत नव्हती. तिच्यावर पिवळसर-लाल डाग होते, आणि डागांखाली, अगदी मधल्या भोकापासून कडेपर्यंत, बारीक वर्तुळंच वर्तुळं.

"हे काय लागलंय?"

"हळदकुंकू व्हय," कौसल्याबाई म्हणाल्या. "दसऱ्याले इळे, खुरपे, कुऱ्हाड पुजतो ना आपन? त्यायची खंजिरी अन् हे, त्यायच्यातच मांडतो. गंध, फूल, सारं करतो."

"आणि पुसता कशाने?"

"चिंच अन् राखुंडी. देवाच्या ताटल्या घासतो तशी. गोल गोल, हलक्या हातानं. दरसाली." आणि जरा अभिमानाने, "एक बी दसरा चुकला नाही."

सीडीवरचा मजकूर मधून बाहेर जाणाऱ्या गोल वाटेवर लिहिलेला असतो. आडवा ओरखडा पडला तर प्रत्येक वळणावर थोडंथोडं जातं, ते गणित भरून काढतं. पण ओरखडा वाटेच्याच दिशेने, गोल पडला, तर तो सलगच्या सलग मजकूर खाऊन टाकतो. यानांचं गणितही तिथे हात टेकतं. सीडी बिघडवण्याची याहून पक्की पद्धत मला सांगता आली नसती. ती या बाईने भक्तिभावाने नऊ वर्षं पाळली होती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. नोकरीत मी वरिष्ठांना तोंडावर चुका सांगितल्या, तिथे कधी जीभ अडखळली नाही. इथे अडखळली.

"काय म्हनता, ताई?" त्यांनी विचारलं. "वाजन ना?"

"बघू या," मी म्हटलं. कालचं "वाजेल की" आज "बघू या"वर आलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

त्या खाली बसल्या. "तोंडाचं काही नाही, ताई. फोटो हाय तठी भिंतीवर. पन आवाजाचा फोटो हाच एक. मी डोये मिटून लय आठवून पायतो. त्यायचं तोंड हालते, आवाज नाही येत. एवढ्या वर्साचा संसार, अन् मले मानसाचा आवाज आठवत नाही. ही काय रीत झाली का?"

शुभांगी हळूच म्हणाली की तिचे विद्यार्थी म्हणत होते, कुठून थोडासा नमुना मिळाला तर एआयने बाबांच्या आवाजात हवं ते बोलवून दाखवू. कौसल्याबाई तिच्यावर खेकसल्या, "बहुरूप्याले कायले बोलावतं वं घरात? मले त्यायचा पायजे. खरा नसन त नोको."

मी सीडी उजेडासमोर धरली. नाव लिहिलेली बाजू शाबूत होती, कुठून उजेड आरपार येत नव्हता. आशा होती ती एवढीच. आता हवा होता जुना, दणकट ड्राइव्ह आणि ओरखडे घासून काढणारा माणूस. शुभांगीने दहा ठिकाणी फोन केले. अमरावतीत हल्ली कोणी हे काम करत नाही, अकोल्याला बशीरभाई म्हणून आहेत, ते करतात, असं तिघांनी सांगितलं. माझं परतीचं तिकीट होतंच, गाडी अकोल्याहून पकडायची ठरवली. कौसल्याबाई म्हणाल्या, "मी बी येतो." मी म्हटलं, तुम्ही कशाला दगदग करता, शुभांगी आणेल नीट. त्या म्हणाल्या, "दगदग कायची वं? मी काय तुमच्या डोक्शावर बसून येतो?" प्रश्न मिटला.

अकोला

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेलो. सगळ्या वाटेत सीडी कौसल्याबाईंच्या मांडीवर. वाटेत एके ठिकाणी गरम मिरचीभजी घेतली, त्यांनी हाताला तेल लागेल म्हणून खाल्ली नाहीत. मी खाल्ली आणि पुढचा अर्धा तास बोलू शकले नाही. शुभांगी म्हणाली, पुण्याच्या पाहुण्यांना गप्प करायला आमच्याकडे हीच देतात.

बशीरभाईंचं दुकान जुन्या बाजाराच्या गल्लीत, दोन माणसं एकदम आत गेली तर तिसऱ्याने बाहेर यावं एवढं. भिंतीला लागून रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर, सगळे पोट उघडून बसलेले. बशीरभाई सत्तरीचे, चष्म्याला दोरी. त्यांनी सीडी घेतली, तिरकी केली, आणि कोणाकडे न बघता कडाडले, "ये किसने घासा? बर्तन समझ के घासा क्या?"

मी पोट उघडलेल्या एका रेडिओकडे बघत राहिले.

"म्या," कौसल्याबाई म्हणाल्या.

बशीरभाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "गोल नही घिसते ना, मावशी. गोल घासलं का लाइन की लाइन जाते."

कौसल्याबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमाले ठाऊक व्हतं?"

"हो."

"म्हंजे मीच पुसलं का त्यायले? दर दसऱ्याले?"

शुभांगी "आई, तसं नसते," म्हणायला लागली. त्यांनी तिला हातानेच थांबवलं. त्यांना माझं उत्तर हवं होतं. धीर देणाऱ्या बायका निराळ्या असतात, मला ते जमत नाही. मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. म्हटलं, "गोल घासल्याने नुकसान झालंय, खोटं नाही बोलणार. पण आवाज या वरच्या थरात नसतो. तो पार पलीकडच्या बाजूला, त्या नाव लिहिलेल्या पापुद्र्याखाली असतो. तुम्ही घासलंत ते त्याच्यावरचं झाकण. झाकण घासून पुन्हा साफ करता येतं. तुम्ही हळदकुंकू नाव लिहिलेल्या बाजूला लावून तिकडून घासलं असतंत, तर काहीच उरलं नसतं. आणि बाकीच्या नऊ सीड्या बघा की. त्या कोणी पुजल्या नाहीत, म्हणून झाडावर जाऊन कोऱ्या झाल्या. तुमची देवघराच्या अंधारात राहिली."

त्यांनी सीडी बशीरभाईंच्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग बशीरभाईंना म्हणाल्या, "घासा मंग. कसं घासाचं ते सांगा. मीच घासतो."

बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पांढरी पेस्ट आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा काढला, आणि दाखवलं: मधून बाहेर, सरळ, एकदा. पुन्हा मधून बाहेर. परत यायचं ते हात उचलून. "सीधा, मावशी. सूरज की किरन जैसा." हीच गोष्ट मी तासभर फळ्यावर समजावली असती, त्यांनी ती दोन वाक्यांत संपवली. तेवढ्यात चहा आला. मग आळीपाळीने आम्ही तिघी घासत बसलो. बशीरभाई मधूनमधून तपासून "और थोडा" म्हणत. गुडघ्यांनी माझ्या नावाने बोंब मारली, पण उठावंसं वाटेना. ओरखडे गेले नाहीत, बोथट झाले. डाग मात्र गेले.

घरातला सीडी प्लेअर जिथे वाचता येत नाही तिथे आजूबाजूचं ऐकून अंदाजाने जागा भरतो. मला तो अंदाज नको होता. बशीरभाईंच्या जुन्या संगणकावर मी असा प्रोग्रॅम लावला की जो प्रत्येक तुकडा दोनदा वाचून ताडून बघेल, आणि जुळला नाही तर तिथे गप्प बसेल. कौसल्याबाईंना समजावून सांगितलं: जे ऐकू येईल ते खरं, बाकी शांतता.

ड्राइव्ह घरघरला. पहिलं भजन, काही नाही. दुसरं, एक टाळी आणि पुन्हा काही नाही. शुभांगीने माझा हात धरला होता. तिसरं सुरू झालं आणि दुकानात एकदम खंजिरी वाजली.

पण तुटक. पुढच्या माणसाची ओळ सुरू होई आणि अर्ध्यात गडप होई, मग मागचे सगळे तीच ओळ म्हणत, तेव्हा ती पुरी व्हायची. नंतर कधी उलट, मागचे गडप. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी पुन्हा म्हणायचं, हीसुद्धा काही हरवू नये म्हणून केलेली सोय आहे, हे मला तेव्हा सुचलं. भजनाचे शब्द त्यामुळे जवळजवळ सगळे मिळाले. शुभांगी ते वहीत लिहून घ्यायला लागली. कौसल्याबाई मात्र पुढे वाकून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"सारे हायत," त्या म्हणाल्या. "मांगचे सारे ओळखू येतात मले. हे सापडून नाही राहिले."

"आई, मधे मधे बाबाच तर म्हणतात."

"ते गानं हाय वं. गान्याचा आवाज साऱ्यायचा सारखाच असते. चढलेला. घरी कोनी असं बोलते का?"

नोकरीच्या एवढ्या वर्षांत मी असंख्य संदेश दुरुस्त केले, पण मिळालेला संदेश आपल्याला हवा असलेला नाही, असं सांगणारं माणूस कधी समोर बसलेलं नव्हतं. वाईट वाटलं. खरं सांगायचं तर स्वतःचाच राग आला, त्या "त्यात काय!"चा.

तिसरं भजन संपलं. चौथं सुरू व्हायच्या आधी खंजिरीची एक थाप पडली आणि चुकीच्या जागी थांबली. शूटिंगवाल्याने ती जागा कापायला हवी होती, त्याने आळस केला असावा. कोणीतरी खाकरलं. आणि मग एक साधा, जरा घोगरा, घाई नसलेला पुरुषी आवाज आला:

"थांबा ना बे जरासक. घसा सुकला. अवं शुभीचे माय, पानी आन वं."

कौसल्याबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

उठल्या, पदर सावरला, दाराकडे एक पाऊल टाकलं, आणि मग त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं. बशीरभाईंनी हात पुढे करून चौथं भजन थांबवलं. शुभांगीने दोन्ही हातांत तोंड झाकलं. मला रडू आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने मी ते उरकून घेतलं.

कौसल्याबाई तशाच उभ्या. मग माझ्याकडे वळल्या. "हा खरा व्हय ना, ताई? मशीननं भरला नाही ना?"

मी पडद्यावर पाहिलं. तो तुकडा दोन्ही वेळा सारखाच वाचला गेला होता. पुन्हा वाचायला लावला, तिसऱ्यांदाही तेच.

"खरा," मी म्हटलं. "शब्दन् शब्द त्यांचा."

त्या खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "नेलं व्हतं मी पानी," त्या म्हणाल्या. "गडवाभर. अन् मी नेलं त हे काय म्हनतात माहीत हाय का?" त्यांनी मान जरा मागे टाकली, घसा खाकरला, आणि त्याच घोगऱ्या, घाई नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे वं पानी. चहाच मांड साऱ्यायले."

शुभांगीने तोंडावरचे हात काढले. "आई," ती म्हणाली, "बाबा."